तापीकाठून : वेल कोणाचा, बी कोणाचे?

कोजागिरीचे दूध आटले, दिवाळीच्या पणत्या कोनाड्यात विसावल्या आणि तुळशीच्या लग्नातला ऊसही चघळून झाला, की संसारी माणसाच्या मनाला थोडे रितेपण येते. सण सरलेले असतात, लग्नसराई अजून अंगावर आलेली नसते, आणि थंडी म्हणावी तशी पडलेली नसते. पंचांगाच्या हिशेबाने हे शरदाचे अखेरचे आणि हेमंताचे पहिले दिवस. कवींनी वर्षेचे आणि वसंताचे इतके कौतुक केले, की या मधल्या दिवसांच्या वाट्यास फारसे काही उरले नाही. भाजीचा मळा राखणाऱ्याला मात्र याच दिवसांत मान वर करण्यास फुरसत नसते. पावसाळ्यातले जुने वेल उतरणीस लागलेले, हिवाळ्यातले वाफे नुकते डोळे उघडू लागलेले. एकाला निरोप द्यायचा आणि दुसऱ्याचे बारसे करायचे, अशी दोन्ही कामे एकाच कुदळीने करावी लागतात.

आमच्या शाळेमागील सामायिक भाजीबागेचा उल्लेख या सदरात पूर्वी एकदोनदा ओझरता येऊन गेला आहे. त्यावर काही वाचकांनी विचारले, की अनेक घरांनी मिळून एक बाग करायची आणि भांडण होऊ द्यायचे नाही, हे साधते कसे? प्रश्न रास्त आहे. आपण कोणी बडोद्यास असाल, कोणी इंदुरास वा ग्वाल्हेरीस, कोणी हैदराबादेस. गच्चीवर चार कुंड्या आपल्यापैकी बहुतेकांच्या असतील. कुंडीतल्या मिरचीवर दुसऱ्याचा हक्क नसतो. सामायिक वाफ्यातल्या मिरचीवर मात्र दहा जणांची नजर असते. भांडण होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. भांडणातून वाट कशी निघते एवढे मात्र या कार्तिकात आम्हांला पाहावयास मिळाले, आणि ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटले.

आधी बागेविषयी थोडे. जागा जेमतेम पाच गुंठे. केंद्र शासनाने २०१९ साली शाळाशाळांतून पोषणबागा कराव्यात अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्यान्ह भोजनाच्या वरणात ताजी भाजी पडावी, आणि भाजी दुकानात पिकत नाही हे मुलांस कळावे, असा त्यामागे दुहेरी हेतू होता. हेतू उत्तम, परंतु ज्यांनी शाळा चालवली आहे त्यांस ठाऊक आहे, की शाळेला सुट्टी असते आणि वांग्याला नसते. दिवाळीच्या सुट्टीत, नेमकी हिवाळी पिके उगवून येण्याच्या वेळी, शाळेच्या फाटकाला कुलूप. म्हणून आसपासच्या घरांना हाक दिली. आज अकरा घरे या बागेत राबतात. त्यांत मराठी घरे आहेत, निमाडी आहेत, आणि यंत्रमागावर कापड विणणारे मोमीन कुटुंबही आहे. करार साधा आहे : निम्मी भाजी शाळेच्या स्वयंपाकघरात, निम्मी राबणाऱ्या घरांत, आणि ज्याने पाळी चुकवली त्याने त्या आठवड्याची जुडी मागू नये.

ही कल्पना आमची नव्हे, आणि नवीही नव्हे. जर्मनीतील लायप्झिग नगरात १८६४ साली हाउशिल्ड नावाच्या एका मुख्याध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पालकांची एक मंडळी स्थापन केली, आणि तिला श्रेबर नावाच्या दिवंगत डॉक्टरांचे नाव दिले. गावातल्या मुलांना खेळावयास मोकळे मैदान मिळावे एवढाच उद्देश होता. पुढे गेझेल नावाच्या निवृत्त शिक्षकांनी त्या मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले. मुलांचा उत्साह मुलांच्या उत्साहासारखाच. तो तणाबरोबर मावळला. मग आईबाप कुदळी घेऊन आले, वाफ्यांचे कुटुंबाचे बगीचे झाले, आणि अशा बागांना त्या देशात आजही त्या डॉक्टरांच्याच नावाने ओळखतात. मुख्याध्यापकाने मैदान द्यावे, शिक्षकाने वाफे आखावेत आणि तण अखेर आईने काढावे, ही रीत सर्व देशांत सारखीच दिसते. आम्हांला तरी हा इतिहास वाचून मोठा दिलासा मिळाला.

आता कार्तिकातल्या कामांकडे वळू. मेथी आणि कोथिंबीर यांची पेरणी एकदाच करून भागत नाही. दर दहा-बारा दिवसांनी हातभर रुंद वाफा नव्याने पेरावा, म्हणजे एक उपटेपर्यंत दुसरा तयार होतो. मेथी महिन्याभरात जुडीला येते. धने पेरण्यापूर्वी चपलेखाली वा लाटण्याने हलके रगडून दोन फाके करावेत, उगवण चांगली होते. मुळा आणि गाजर दाट उगवले, की मायेपोटी ते तसेच ठेवण्याचा मोह होतो. तो आवरून विरळणी करावीच लागते. उपटलेल्या कोवळ्या मुळ्याचा पाला वाया जात नाही. दाण्याचे कूट घालून त्याची भाजी उत्तम होते. लसणाच्या पाकळ्या या दिवसांत टोचल्या, की फाल्गुनापर्यंत गड्डे हाती येतात. कांद्याचे रोप याच सुमारास गादीवाफ्यावर वाढत असते, आणि थंडी स्थिरावली की त्याची लावण करावयाची असते. फुलकोबीचा गड्डा मुठीएवढा झाला, की तिचीच पाने वर दुमडून सुतळीने सैल बांधावीत. अन्यथा उन्हाने गड्डा पिवळा पडतो. मुलांना हे काम फार आवडते. फुलकोबीला टोपी घालायची, असे ती म्हणतात.

थंडीबरोबर पाहुणेही येतात. दिवसा कोरडे ऊन आणि रात्री दहिवर, अशी हवा पडली की वाटाण्याच्या पानांवर भुरी चढते. वाफा दाट असेल तर ती अधिकच फैलावते, म्हणून वेलांना काटक्यांचा आधार देऊन वारा खेळता ठेवावा. कोबीच्या पानामागे मावा बसतो. त्याला आमच्याकडील जुने औषध शेणीच्या राखेचे. पहाटे दव असतानाच ती धुरळावी, म्हणजे पानाला धरून राहते. त्याने भागले नाही तर निंबोळीचा अर्क. अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्या, सकाळी फडक्याने गाळून घ्याव्या, आणि एकंदर दहा लिटर पाणी करून फवारावे. टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडू लावला, तर फळ पोखरणारी अळी आपली अंडी पुष्कळशी झेंडूवर घालते. दसऱ्याला तोरण आणि नंतर टोमॅटोला पहारेकरी, असा झेंडू दोन्हीकडून कामास येतो. आणि सर्व वाफ्यांवर आच्छादन म्हणून केळीची वाळलेली पाने अंथरावीत. ती आमच्या गावात मागेल त्याला मिळतात.

केळीच्या पानांचा उल्लेख आला म्हणून पाण्याविषयी बोलणे ओघाने आले. बऱ्हाणपूर हा २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. त्याची आजची ओळख केळी आणि कापड यांवर उभी आहे. केळीला पाणी लागते, आणि कूपनलिका दर काही वर्षांनी अधिक खोल जातात, हे तापीच्या दोन्ही तीरांवरचे कोणीही सांगेल. २०२२ साली ग्रामीण भागातील घरोघरी नळाचे पाणी पोचलेला देशातला पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून आमच्या जिल्ह्याचे नाव झाले. अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ते पाणी पिण्यासाठी आहे. त्याने भोपळा वाढवू नये, असा आमच्या बागेचा पहिला नियम. मध्यान्ह भोजनानंतर मुले हात धुतात, ताटे विसळली जातात. ते पाणी एका चरातून बागेत घेतले आहे. उरलेली गरज शाळेच्या विहिरीवर, आणि तीही ठरलेल्या पाळीनेच.

पाळी हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. लालबागेजवळचा कुंडी भंडारा आपल्यापैकी ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे पटेल. १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानांच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने गावाकडे वळवले. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या खोदल्या, आणि बोगद्याला असा बेताचा उतार दिला, की पाणी मोट नाही, रहाट नाही, केवळ आपल्या भाराने चालत यावे. चारशे वर्षे उलटली, तरी त्यातून पाणी झिरपते आहे. २०२४ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले. इराणातील अशा भुयारी कालव्यांना २०१६ साली तो मान मिळालेला आहेच. इराणात अशा पाण्याची वाटणी करण्याची रीत मात्र आपणांस ओळखीची वाटेल : तळाला छिद्र असलेले भांडे पाण्यात तरंगत ठेवायचे, ते भरून बुडाले की एकाची पाळी संपली आणि दुसऱ्याची लागली. आपल्याकडे लग्नघटिका मोजणारे घटिकापात्र दुसरे काय होते? मुहूर्त आणि पाणी, दोन्ही वेळेवर द्यावे लागतात, हे जाणणाऱ्या माणसांनी दोन्हींसाठी एकच माप वापरले.

याच तापीच्या खोऱ्यात, खानदेशात, त्याहूनही अधिक शिकवणारी एक व्यवस्था आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांच्या पाटावरची शेती फड पद्धतीने होते, आणि ही पद्धत काही शतकांची आहे. बंधाऱ्याखालच्या साऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे फड पाडायचे, आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असते. पाणी सोडावयाचे ते फडाला. अमक्या तमक्याच्या शेताला नव्हे. ते सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला असतो, राखणीला जागले असतात. खरी मेख दुष्काळात कळते. पाणी कमी असेल त्या वर्षी एकदोन फडच भिजवतात. परंतु प्रत्येकाचा तुकडा त्या फडात असल्यामुळे कोणी पूर्ण उपाशी राहत नाही आणि कोणी पूर्ण तुपाशी राहत नाही. टंचाई सर्वांनी थोडी थोडी सोसायची, असा त्या व्यवस्थेचा न्याय आहे. आमच्या पाच गुंठ्यांत आम्ही त्याचेच छोटे अनुकरण केले. कोणाचाही स्वतंत्र वाफा नाही. वाफा मेथीचा, वाफा वांग्यांचा. माणसाच्या नावाचा एकही नाही.

तरीही प्रसंग यायचा तो आलाच. आमच्या कुंपणापलीकडे एका बागाईतदाराची केळी आहे. सत्पुरुष माणूस, आणि कष्टाळू. केळीची लागवड आमच्या भागात दोन हंगामांत होते. पावसाच्या आरंभी लावतात ती मृगबाग, आणि भाद्रपद-आश्विनात लावतात ती कांदेबाग. यंदा त्यांनी कांदेबाग लावली होती. रोपे जेमतेम गुडघ्याएवढी झाली होती. एके दिवशी सकाळी ते आले, कुंपणाजवळच उभे राहिले आणि म्हणाले, “मास्साब, तुमच्या मुलांचे वेल तेवढे काढून टाका. हात जोडून सांगतो. काकडी, गिलके, डांगर, काही ठेवू नका.”

कारण आम्हांला माहीत होते. केळीवर एक विषाणूजन्य रोग पडतो. त्याला खानदेशात आणि आमच्याकडे हरण्या म्हणतात. पुस्तकात त्याचे नाव काकडीवरून पडले आहे, कारण मूळचा तो काकडीवर ओळखला गेला. पानांवर पिवळट पट्टे उमटतात, पोंगा सडू लागतो, झाड खुरटते, आणि त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करणे एवढाच इलाज. गेल्या काही वर्षांत जळगाव आणि बऱ्हाणपूरच्या कित्येक बागाईतदारांनी उभ्या बागा उपटून टाकल्या आहेत. हा विषाणू काकडीवर्गीय वेलांवर, टोमॅटोवर, मिरचीवर आणि बऱ्याच तणांवरही राहतो, आणि मावा त्याला इकडून तिकडे नेतो. नेतो तोही इतक्या झटपट, की एका पानात सोंड खुपसून दुसऱ्यावर बसेपर्यंतचा अवधी त्यास पुरतो. म्हणून मावा मारण्याचे औषध फवारून रोग पुरता अडत नाही. औषधाचा अंमल होण्यापूर्वीच त्याने आपले काम केलेले असते. केळीजवळ वेलवर्गीय भाज्या घेऊ नयेत, असे कृषितज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. आमच्या काकडीच्या दोन वेलांवर पाने हिरवी-पिवळी चितारलेली दिसत होती. तो रोग हाच की दुसरा, हे प्रयोगशाळेवाचून सांगता येत नाही. परंतु ज्याची वर्षाची भाकरी कुंपणापलीकडे उभी आहे, त्याने प्रयोगशाळेच्या कागदाची वाट पाहावी, असे म्हणणेही योग्य दिसेना.

काकडीचे आणि गिलक्याचे वेल काढण्यास कोणाचीच हरकत नव्हती; ते तसेही संपत आले होते. अडले ते डांगराशी. तांबडा भोपळा तो हाच. याचे बी बागेतल्या एका वृद्ध आजींनी आपल्या माहेराहून, रावेराकडून, लग्नानंतर आणले होते, आणि तेव्हापासून दर वर्षी राखले होते. वेलावर दोन फळे बियाण्यासाठी सोडलेली होती. त्यांना देठ वाळण्यास अजून दोन-तीन आठवडे हवे होते. आजी म्हणाल्या, “गुरुजी, माझ्या आईच्या हातचं बी आहे. वेल काढा म्हणता, पण उद्या ते आणू कुठून?” या प्रश्नावर बाग चार दिवस दुभंगली. काहींचे म्हणणे पडले, की जागा शाळेची, वेल आमचा, पलीकडच्याने कुंपणाला जाळी लावावी. काहींचे म्हणणे पडले, की शेजाऱ्याचे नुकसान करून मुलांना आपण कोणती बाग शिकवणार?

शनिवारी शाळा सुटल्यावर सर्वांना ओट्यावर बसवले. मोमीन कुटुंबातील थोरले चाचा सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी तेच आधी बोलले. त्यांचे म्हणणे असे, की मागावर एक धागा तुटला तर तो तिथल्या तिथे जोडावा लागतो; तो तसाच ठेवून पुढे विणले, तर दोष सबंध थानाला लागतो. मग आजींनाच विचारले, की हे बी आजवर आणखी कोणाकोणाला दिले? त्या बोटांवर मोजू लागल्या. एक शिकारपुऱ्यातल्या भाचीला, एक बागेतल्याच दुसऱ्या घराला, एक इंदूरच्या लेकीला, आणि हो, तीन वर्षांपूर्वी दोन मुठी या पलीकडच्या बागाईतदारांच्या आईला! ओट्यावर हशा पिकला, आणि आजीही हसल्या. ज्या बियाण्यासाठी भांडण चालले होते, ते भांडणाच्या दोन्ही बाजूंच्या घरांत पूर्वीच पोचलेले होते.

दुसऱ्याच दिवशी सर्व वेल काढले. मुळासकट उपटले, कुजवणीच्या ढिगात न टाकता दूर खड्ड्यात पुरले, आणि बांधावरचे तणही खणून काढले. विषाणू केवळ वेलावरच राहतो असे नाही. टोमॅटो-मिरचीच्या ओळी कुंपणापासून दूरच्या कोपऱ्यात होत्या. त्या ठेवण्यास बागाईतदारांनी मोकळ्या मनाने संमती दिली, आणि रोज सकाळी त्यांची पाने तपासण्याचे काम सातवीच्या मुलींनी पत्करले. दोन्ही डांगरे देठासकट उतरवून शाळेच्या कोठीत गवतावर ठेवली आहेत. पूर्ण वाढीस आलेले फळ वेलावरून काढल्यावरही आतले बी काही आठवडे पोसत राहते, हे जुन्या बायकांना ठाऊक असते आणि शास्त्रही तेच सांगते. फळे फोडल्यावर बी किती भरले ते दिसेल. न भरले, तरी चार घरांतून ते परत येण्याची वाट मोकळी आहे. बागाईतदारांनी आपण होऊन सांगितले, की वैशाखात विहीर आटली तर आठवड्याची एक पाळी त्यांच्या कूपनलिकेवरून घ्यावी. आम्ही ती फळ्यावरील पाळीपत्रकात लिहून टाकली. उपकार म्हणून केलेली गोष्ट विसरते. पाळी म्हणून लिहिलेली राहते.

या प्रसंगाने आम्हांला बियाण्याविषयी नव्याने विचार करावयास लावले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांना बीजमाता म्हणून सारा देश ओळखू लागला. औपचारिक शिक्षण नसलेल्या या बाईंनी वालाचे, घेवड्याचे, भातांचे आणि भाज्यांचे देशी वाण जपले, आणि बाएफ संस्थेच्या साहाय्याने त्यांची बियाणे बँक उभी राहिली. बँक हा शब्द येथे फार अर्थपूर्ण आहे. पैसा तिजोरीत ठेवला तर निदान जागच्या जागी राहतो. बी तिजोरीत ठेवले तर काही वर्षांत मरते. त्याला दर वर्षी कोणाच्या तरी मातीत जावे लागते, आणि एकाच्या मातीत गेले तर एका कीडरोगाने वा एका गैरसमजाने ते संपू शकते. म्हणून आमच्या बागेने आता दुसरा नियम लिहिला आहे : बागेचे बी एक मूठ न्यावे, पुढच्या वर्षी दोन मुठी आणाव्यात, आणि एकही वाण तीन घरांहून कमी घरांत नसावे.

घराबाहेर घर करून राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा नियम आणखी एका गोष्टीला लागू करावासा वाटेल. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. पिढ्यांमागून पिढ्या येथे राहून आमच्या घरांतली मराठी या मातीशी एकजीव झाली आहे. आता ती कोठे कोठे पातळ होत चालली आहे. आमच्या वाफ्यापाशी उभे राहिले, की ते स्पष्ट ऐकू येते. मुले कोथिंबिरीला धनिया म्हणतात, शेपूला सोया, चाकवताला बथुआ, दुधीला लौकी. याचा आम्हांला राग नाही. शेजाऱ्याचा शब्द शिकणे हेही बी घेणेच आहे. परंतु घेताना आपले देणे थांबले, तर व्यवहार एकतर्फी होतो. म्हणून आम्ही प्रत्येक वाफ्यावर एक पाटी लावली आहे, आणि तिच्यावर त्या भाजीची जितकी नावे या अकरा घरांत बोलली जातात तितकी लिहिली आहेत. लाल भोपळ्याच्या रिकाम्या वाफ्यावरची पाटी सर्वांत लांब आहे : भोपळा, डांगर, काशीफळ, कद्दू. मोमिनांच्या नातवाला आता डांगर हा शब्द येतो, आणि आजींचा नातू त्याला कद्दू म्हणत असला, तरी आजी काय म्हणतात ते विसरलेला नाही.

त्या वाफ्यात सध्या पालक आहे. थंडी वाढत आहे. पारा १० अंशांखाली उतरला तर केळीची वाढ थबकते, म्हणून बागाईतदार रात्री उठून हवेचा अंदाज घेतात, आणि सकाळी आम्हांला पालकाची चौकशी करतात. वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी माहेरचे वा आजोळचे एखादे बी डब्यात, जुन्या धोतराच्या चिंधीत, वा वालाच्या शेंगेतच राखलेले असेल, तर ते या हंगामात आधी शेजारच्या दोन घरी द्यावे, आणि देताना त्याचे आपल्या घरातले नाव सांगावे. डांगराची फळे पौषात फोडू. बी भरलेले निघाले, तर या सदरातून कळवूच. पोस्टाच्या पाकिटात दहा बिया सहज मावतात.